सडे आणि बुणगे

मुलुंडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रद्दीचे दुकान आहे. १९९९ च्या डिसेंबरात मी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला होतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड अशा चार दिवसांच्या पायपिटीला निघायचे होते, तेव्हा आदल्या रात्री मी माझी सॅक त्या दुकानातल्या काट्याला अडकवली. सतरा किलो भरली. आत पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली, घरातली सतरंजी, दोन स्वेटर, भाताचे पातेले, तीन किलो कांदे-बटाटे, तांदूळ, डाळ आणि वाचायला म्हणून एक जाडजूड कादंबरी. तिचे पान काही त्या चार दिवसांत उलटले गेले नाही. दुकानदाराने काट्याकडे पाहून विचारले, "मराठी पेपर की इंग्रजी?"

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा त्याच वाटेने गेलो. त्याच काट्यावर सॅक सात किलो भरली. दहा किलो कमी. मित्रमंडळींत मी हे अभिमानाने सांगितलेही. पण मुळात हे दहा किलो गेले कुठे, या प्रश्नाने मला नंतर बराच काळ सोडले नाही. प्रस्तुत लेख त्या दहा किलोंच्या शोधातला आहे. तो थोडा वजनकाट्याचा, बराचसा इतिहासाचा आणि आमच्या सवयीप्रमाणे शब्दांचाही आहे.

डोंगर भटकणाऱ्यांत अलीकडे 'अल्ट्रालाइट' हा शब्द रुळला आहे. रे जार्डिन या अमेरिकी गिर्यारोहकाने १९९२ मध्ये लांब पल्ल्याच्या पायी प्रवासासाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि पाठीवरचे सामान किती कमी करता येते याचा जणू एक पंथच निघाला. टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारी माणसे या पंथात आहेत. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेले वजन साडेचार किलोंच्या आत असावे, असा त्यांचा साधारण दंडक. या हिशोबात जे वगळले आहे तेच आपल्याकडे सर्वांत जड असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि होळीनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर चालायचे तर माणशी चार-पाच लिटर पाण्याला पर्याय नाही. असो.

हा शब्द परका असला तरी कल्पना परकी नाही. मराठीत तिला स्वतःचा, चांगला जुना शब्द आहे : सडा. अंगणातला नव्हे, 'सडाफटिंग'मधला. मोल्सवर्थच्या कोशात या विशेषणाचा अर्थ एकटा, बायकापोरांचा किंवा सामानसुमानाचा पाश नसलेला, अशा आशयाचा दिला आहे. सडी फौज, सडे स्वार, सडे होऊन कूच करणे ही अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांची नित्याची भाषा. आणि सड्याच्या विरुद्ध टोकाला बुणगे. बुणगे म्हणजे सैन्यामागून चालणारा सारा जड पसारा : तंबू, कनाती, धान्याच्या गोणी, भांडीकुंडी, आणि त्याबरोबर वाणी, भिस्ती, हुजरे, बायकामुले, यात्रेकरूसुद्धा. सामान आणि ते वाहणारी माणसे, दोहोंना मिळून मराठीने एकच नाव ठेवले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नये. पुढे 'सडा' ऐटीचा झाला आणि 'बाजारबुणगे' ही शिवी झाली.

सडेपणाची ही ऐट मराठ्यांच्या इतिहासात खोलवर आहे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन लष्कराची जी शिस्त सांगितली आहे, तीत सैन्याबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास मनाई आहे. मुलुखगिरीला निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची याद करायची आणि परतल्यावर झाडा घ्यायचा, असाही नियम आहे. आज ट्रेकला निघताना आपण सामानाची यादी करतो तिची ही पणजी म्हणायची. फरक इतकाच की ती याद लूट सरकारात जमा व्हावी म्हणून होती, खांदे दुखू नयेत म्हणून नव्हे. तरी परिणाम एकच झाला. दिल्लीच्या बादशहाची छावणी म्हणजे चालते शहर. त्यापुढे खोगिराखालच्या घोंगडीवर झोपणारा हा स्वार वाऱ्यासारखा वाटावा यात नवल नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे फेब्रुवारी १७२८ मधली पालखेडची मोहीम. पहिल्या बाजीरावाने निजामाला महिनोन्महिने आपल्यामागे फिरवले आणि शेवटी वैजापूरजवळच्या पालखेडला पाणी तोडून कोंडले. दुसऱ्या महायुद्धातले सेनानी माँटगोमेरी यांनी युद्धेतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला, हे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. कमी वेळा सांगितली जाते ती निजामाची बाजू. बाजीरावाला गाठण्याच्या घाईत निजामाने आपला अवजड तोफखाना मागे सोडला. म्हणजे तोही सडा झालाच होता! पण त्याचे सारे बळ त्या तोफांत होते. ओझे टाकल्यावर मागे काय उरते हे न पाहता त्याने ते टाकले. पहिल्याच लांब वाटचालीला मेणकापडाचा तुकडा घरी ठेवून जाणाऱ्या आणि कोकणकड्यावर रात्रभर कुडकुडणाऱ्या उत्साही तरुणाला निजामाच्या या फजितीत आपले प्रतिबिंब सापडेल.

बाजीरावाविषयीची ती आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. शत्रूच्या चित्रकाराने त्याला पाहिले तेव्हा तो घोड्याचा लगाम सैल सोडून, ज्वारीची कणसे दोन्ही हातांनी चोळून, कोवळे दाणे खात चालला होता. ना मुदपाकखाना, ना शिधा. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिची मोहिनी ओसरत नाही. पण पन्नाशीकडे झुकल्यावर ही गोष्ट ऐकताना एक साधा प्रश्न मनात येतो, जो शाळेत आला नव्हता : ते शेत कुणाचे होते?

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले जे प्रसिद्ध पत्र आहे ते वस्तुतः याच प्रश्नाभोवती फिरते. पावसाळा तोंडावर आहे, छावणीसाठी दाणा-वैरण साठवली आहे, ती हिशोबाने वापरा, असे त्यात बजावले आहे. आत्ताच उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही; मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणाल; कुणबी परागंदा होतील आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पत्रात पुढे जळती वात ओढून नेणाऱ्या उंदराचीही काळजी आहे. गवताच्या एका गंजीची आग साऱ्या घोडदळाला पायउतार करील, हे त्या लिहिणाऱ्याला दिसत होते. फौज हलकी असते, तेव्हा तिचे जडशीळ कोठार कुणाच्या तरी अंगणात असते. सडेपणाची किंमत कोण मोजतो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा मराठी कागद माझ्या पाहण्यात नाही.

पानिपतावर याच मापाने पाहिले तर एक रूढ मत थोडे सैल होते. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचे खापर बुणग्यांच्या माथी फोडण्याची आपल्याला सवय आहे. कुटुंबकबिला आणि जड सरंजाम मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांनी दिल्याचे सांगितले जाते, आणि भाऊसाहेबांनी तो मानला नाही हेही. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडे जास्त होती, हे खरेच. पण छावणीत उपासमार सुरू झाली ती रसद तुटल्यामुळे. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि येणारे धान्य थांबले. सडी फौज अशा वेळी आसपासच्या रानावर जगते. ते रान आपले नव्हते, तिथल्या कुणब्याला आपण परके होतो. हजार मैलांवर ज्वारीचे कणीस हाताशी येत नाही. तीर्थयात्रेसाठी सैन्याच्या आसऱ्याने निघालेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना इतिहासाने इतके रागे भरावे, असे मला आता वाटत नाही.

सैन्याचा विषय इथे सोडतो. शांततेच्या काळातले ओझे अधिक अवघड आहे, कारण ते दिसत नाही.

मराठी प्रवासवर्णनांच्या वाक्यरचनेकडे एकदा लक्ष देऊन पाहावे. सामान 'पुढे गेले', सामान 'येऊन पोहोचले', तंबू 'पडले', राहुट्या 'उठल्या'. सारी क्रियापदे अकर्मक. जणू पेटाऱ्यांना पाय होते. त्या पायांचे नाव वेठ. गावात साहेब किंवा मामलेदार आला की त्याचे सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे हे महारांच्या गावकामांपैकी एक. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) अशा गावकामांचे जे वर्णन येते, त्यात मोठ्या माणसाच्या घोड्यापुढे धावणेही आहे. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते काही कुणाच्या भटकंतीचा विचार करून नव्हे; पण भटकंतीचा इतिहास लिहिणाऱ्याने ते विधेयक आपल्या इतिहासातले मानायला हरकत नसावी. भाषेने मात्र वेठीचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. काम कसेबसे उरकले की 'वेठ मारली' म्हणतात; संप झाला की वर्तमानपत्रे 'नागरिक वेठीस' असा मथळा देतात. ज्याच्या डोक्यावर वेठ होती तो या दोन्ही वाक्प्रचारांत कुठेच नाही.

हे लिहीत असताना मी १९९९ ची माझी डायरी काढली. दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहिले आहे : 'कात्राबाईची खिंड चढून आलो. दमछाक. वरून दृश्य अप्रतिम.' वस्तुस्थिती अशी की खिंडीच्या निम्म्यावर माझे पाय थरथरू लागले होते आणि वाटाड्या म्हणून आलेल्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असलेल्या मुलाने काही न बोलता माझी सॅक आपल्या पाठीवर घेतली होती. माथ्यावर मी त्याला वीस रुपये आणि बिस्किटांचा एक पुडा दिला. डायरीत तो मुलगा नाही. 'चढून आलो.' वाक्य अकर्मक.

उपनगरात राहणाऱ्याला हलक्या प्रवासाचा सर्वांत जुना धडा शोधायला कसाऱ्याची लोकल पकडावी लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक गुंफा, इसवी सनाच्या आरंभापासून जवळपास हजार वर्षे वसलेल्या. इथे वर्षावासाला येणाऱ्या भिक्षूजवळ आठ वस्तू असाव्यात असा दंडक होता : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. जार्डिनच्या शिष्यांनी यापुढे हात टेकावेत. पण लेण्यांतून फिरताना दिसते ते वेगळेच. जवळपास प्रत्येक गुंफेच्या दाराशी पाण्याची पोढी कोरलेली, आत झोपायला दगडी ओटे, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले दानलेख. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी गुंफा दिली, पोढी दिली, चीवरांच्या खर्चासाठी कायमची ठेव, म्हणजे अक्षयनीवी, लावून दिली. भिक्षूची झोळी हलकी राहावी म्हणून एक अख्खा डोंगर पोखरला गेला होता. फरक असा, की इथे ज्यांनी भार उचलला त्यांपैकी कित्येकांची नावे दगडात आहेत. देणाऱ्यांची, कोरणाऱ्यांची नव्हेत, हेही खरेच.

आमच्या हलक्या सॅकचेही तेच. गडावरच्या टाक्यांत पाणी मिळते म्हणून आपण दोनच लिटर घेऊन निघतो. ते टाके ज्याने छिन्नीने खोदले त्याने आपले तीन किलो आधीच उचललेले असतात.

परदेशातही हाच अनुभव. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची ॲपलाचियन वाट एकटीने चालून पूर्ण केली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही. आमच्याकडची कुठलीही वारकरी आजी तिला ओळखीची वाटली असती. ती पुष्कळदा वाटेवरच्या घरांचे दार ठोठावी, आणि दार उघडले जाई.

वारीचा उल्लेख आलाच आहे, तर आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकांचे काय करायचे? अंथरूण-पांघरूण आता दिंडीच्या ट्रकमधून जाते. तुळस ट्रकमध्ये जात नाही. वजन कमी करण्याचे कुठलेही शास्त्र तिला यादीतून पहिल्या फटक्यात काढून टाकील. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चार पैसे मिळवायला वरसईहून उत्तरेत गेले. बंडाच्या धामधुमीत पुन्हा पुन्हा नागवले गेले, म्हणजे सक्तीने सडे झाले. आणि परतताना हा माणूस खांद्यावर काय घेऊन आला? आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड. 'माझा प्रवास' वाचताना विद्यार्थी झाशीच्या लढाईपाशी रंगतात. मला अलीकडे त्या कावडीचीच पाने अधिक वाचनीय वाटतात. सगळे लुटले गेल्यावर, स्वतःच्या खुशीने, स्वतःच्या खांद्यावर घेतलेले ओझे. गाडगेबाबांबरोबर तरुणपणी फिरलेले गो. नी. दांडेकर पुढे आयुष्यभर गड भटकले. त्या बाबांची सामग्री एक गाडगे, चिंध्यांचे वस्त्र आणि हातात खराटा. म्हणजे सगळे टाकल्यावर जे ठेवले ते दुसऱ्याच्या अंगणासाठी.

आता पुन्हा गेल्या हिवाळ्याकडे. मुंबईत १९५४ साली 'गिरिविहार' स्थापन झाली, पुढे मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'सारख्या संस्था उपनगरांत उभ्या राहिल्या, आणि शिबिरांतून आमच्या पिढीला पाठपिशवी भरण्याची एक रीत मिळाली : जड वस्तू पाठीला लागून, हलक्या तळाशी, एक वस्तू तीन कामांची हवी. धनगराची घोंगडी हे या शेवटच्या नियमाचे आदर्श उदाहरण. आमच्या आज्या दुधात पीठ भिजवून दशम्या करीत, कारण त्या भाकरीपेक्षा जास्त दिवस टिकतात. तेही हेच शास्त्र. १९९९ नंतर मी ते हळूहळू शिकलो. सतरंजी जाऊन पातळ मॅट आली, दोन स्वेटर जाऊन एक जाकीट आले, कादंबरी तर गेलीच. या मार्गाने चारेक किलो प्रामाणिकपणे कमी झाले, असा माझा हिशोब आहे. उरलेले सहा किलो म्हणजे तंबूतला माझा वाटा, स्टोव्ह, रॉकेल, पातेले, शिधा. ते मला हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर सापडले.

मंदिराजवळच्या झोपडीत पाचनईच्या एका बाईंनी आमच्या बारा जणांच्या पुढ्यात पिठले-भाकरी वाढली. तंबू भाड्याने मिळाले. मुले खूश होती. पाठीवर जवळजवळ काही नव्हते. झोपडीच्या कोपऱ्यात लाल सिलिंडर होता. मी तो जरा हलवून पाहिला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकीही तितकीच जड, म्हणजे भरलेला सिलिंडर तीसेक किलोंचा. "हा वर कसा आला?" मी विचारले. पुन्हा तेच अकर्मक क्रियापद. बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आला कसला! थोरल्यानं आनला खांद्यावर. पीठ म्या आनलं." मग माझ्या सॅककडे पाहून म्हणाल्या, "मास्तर, तुमचं सामान मागं ऱ्हायलं का?"

पैसे आम्ही दिले. ठरलेल्यापेक्षा काही अधिकही दिले. बाईंना या झोपडीमुळे घरखर्चाला हातभार लागतो, हे त्यांनीच सांगितले. वेठीत असे काही मिळत नव्हते, हा फरक मी लहान मानत नाही. पोरांनी तंबूबिंबू उचलून आणावेत आणि स्वतःच शिजवावे, असा आग्रह धरणारे काही जुने भटके आहेत. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्यात बाईंच्या चुलीचा विचार नाही. पण त्या रात्री झोपण्यापूर्वी मी मुलांना बसवून एक काम दिले. सभासदाच्या बखरीतल्यासारखी याद करायची : आपण चार दिवसांत वापरलेली प्रत्येक वस्तू, तिचे अंदाजे वजन, आणि ती इथवर कुणी आणली. तासभर वादावादी झाली. टाक्यातल्या पाण्याचे वजन कुणाच्या नावावर लिहायचे यावर तर एकमत झालेच नाही.

माझ्या वहीतली नोंद अशी आहे : 'सॅक, सात किलो, मी. तंबूंतला वाटा, दीड किलो, झोपडीवाल्या बाईंचा धाकटा. पीठ, बाई. सिलिंडर, तीस किलो, थोरला मुलगा.' सकाळी उतरण्याआधी झोपडीत जाऊन तिघांची नावे विचारली आणि त्यांच्यापुढे लिहिली.